कर्नल अपग्रेडनंतर पॅकेट गळतात तेव्हा: नवशिक्यांसाठी तपासाची वाट

रात्री सर्व्हरचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपग्रेड झाला, मशीन रीबूट झालं, आणि सकाळी दुकान उघडताच फोन येतो: "अहो, काल तर झकास चालत होतं. तुम्ही काय केलंत?" प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक नवशिके इथेच घसरतात. अपग्रेडनेच घात केला हे गृहीत धरून ते नेटवर सापडेल ती सेटिंग फिरवत सुटतात. तासाभरात मूळ बिघाड कोणता आणि आपण नव्याने घातलेला कोणता, हेच कळेनासं होतं.

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात लहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळायला नुकती सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहितोय. मार्केट यार्डातली आडत दुकानं, बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, एमआयडीसीतले छोटे कारखाने, पतसंस्था. अशा ठिकाणी लिनक्सचं एकच मशीन असतं. फाइल सर्व्हर तेच, फायरवॉल तेच, आणि इंटरनेट वाटून देणारंही तेच. ते अडखळलं की सगळं ऑफिस अडखळतं.

एक सूचना आधीच. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. अक्षर मोठं लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी छोटी. नेटवर्क कार्डाचं नाव मी 'इएनपी३एस०' धरलंय. तुमचं 'आयपी लिंक' दिल्यावर दिसेल.

संशयित तीन आहेत

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्या धंद्यात रोज घडतं. अपग्रेडच्या रात्री तीन गोष्टी एकदम घडलेल्या असतात.

पहिली, नवा कर्नल आला आणि त्याच्याबरोबर कार्डाचा ड्रायव्हर बदलला. दुसरी, मशीन रीबूट झालं. या दुसऱ्या गोष्टीकडे फारसं कुणी पाहत नाही. मशीन वर्षभर बंदच झालेलं नसतं. मधल्या काळात कुणीतरी एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप) बदललेला असतो, फायरवॉलचा एखादा नियम हाताने घातलेला असतो, पण फाइलमध्ये नोंदवलेला नसतो. रीबूटबरोबर तो पुसला जातो आणि नाव कर्नलचं होतं. तिसरी म्हणजे निव्वळ योगायोग: वळवाच्या पावसात वीज कडाडून स्विचचं पोर्ट अर्धमेलं झालेलं असतं, गोदामात उंदराने केबल कुरतडलेली असते, हळदीची धूळ बसून स्विचचा पंखा थांबलेला असतो.

या तिघांना वेगळं करणं हेच खरं काम आहे. एकदा ते झालं की दुरुस्ती बऱ्याचदा एका ओळीची असते.

आधी मोजा, मग हात लावा

"नेट स्लो आहे" ही तक्रार झाली, मोजमाप नव्हे. 'यूनेम -आर' देऊन सध्या चालू असलेल्या कर्नलची आवृत्ती वहीत लिहून घ्या. 'आयपी रूट' दिल्यावर डिफॉल्टच्या ओळीत गेटवेचा, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराचा, पत्ता दिसेल. त्याला 'पिंग -सी ३०० -आय ०.२' असं पिंग करा; मिनिटभरात ३०० पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) जातात आणि शेवटी किती टक्के हरवली ते दिसतं. मग तोच प्रयोग बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर, उदाहरणार्थ ८.८.८.८ वर करा.

गेटवेपर्यंत पाणी स्वच्छ आणि बाहेर गळती, तर आधी इंटरनेटवाल्याला फोन करा. मशीन तोवर तसंच राहू द्या. गेटवेपर्यंतच गळत असेल तर बिघाड तुमच्या भिंतींच्या आत आहे. मात्र इंटरनेटची जोडणी हे लिनक्स मशीन स्वतःच डायल करत असेल, तर गेटवे म्हणजे इंटरनेटवाल्याचंच टोक. तेव्हा ऑफिसातल्याच दुसऱ्या एखाद्या संगणकाला पिंग करून घरातली बाजू तपासा.

'एमटीआर' (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरची गळती दाखवणारी कमांड) वापरलात तर एका सापळ्यापासून जपा. मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के लॉस दिसतो आणि नवशिका आनंदाने ओरडतो, "सापडलं!" पण पुढच्या टप्प्यांवर आणि शेवटच्या मुक्कामावर शून्य असेल, तर तो लॉस खोटा आहे. मधले राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम मुद्दाम मागे ठेवतात, पुढे जाणारी पॅकेटं मात्र ते नीट पाठवत असतात. लॉस एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला, तरच त्याला खरा माना.

छोटं पिंग स्वच्छ आहे पण वेबसाइट अर्धवट उघडून लटकतात, असं असेल तर मोठं पॅकेट पाठवून बघा: 'पिंग -एम डू -एस १४७२', यातला एम मोठा. हिशोब असा की इथरनेटचा एमटीयू १५००. त्यातून आयपीच्या हेडरचे २० आणि आयसीएमपीचे (पिंगच्या प्रोटोकॉलचे) ८ बाइट वजा केले की १४७२ उरतात. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्या पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड देऊन डायल होणाऱ्या पद्धतीवर) चालतात. तिथे एमटीयू १४९२, म्हणून १४६४ पर्यंतच पिंग जायला हवं. १४६४ जातं आणि १४७२ जात नाही, तर गळती नाहीच. लाइनचं मापच तेवढं आहे. अशा जोडणीत टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटातल्या डेटाचं कमाल माप) आवळून धरणारा एक नियम फायरवॉलमध्ये लागतो. तो कधीकाळी हाताने घातलेला असतो आणि रीबूटमध्ये उडतो. मघाचा दुसरा संशयित तो हाच.

जुना कर्नल हाच तुमचा साक्षीदार

अपग्रेड झाला तरी जुना कर्नल डिस्कवर असतो. डेबियन-उबुंटूत मागचा कर्नल सहसा ठेवलेला असतो. रेडहॅट घराण्यात मूळ सेटिंगप्रमाणे तीन कर्नल राहतात. म्हणून तपास संपेपर्यंत 'ऑटोरिमूव्ह' (नको असलेली जुनी पॅकेजं काढणारी कमांड) चालवायचं नाही. जागा कमी पडतेय म्हणून घाईने सफाई करणारा स्वतःचाच पुरावा जाळतो.

उबुंटूत मशीन चालू होताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून ठेवा, यूईएफआयवर एस्केप दाबा. ग्रबच्या (बूट मेन्यूच्या) यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जुनी आवृत्ती दिसेल, ती निवडा. मशीन चालू झाल्यावर पुन्हा 'यूनेम -आर' देऊन खरंच जुन्यावर आहोत याची खात्री करा आणि मघाचेच पिंग, त्याच पत्त्यांवर, तेवढेच करा. केबल, स्विचचं पोर्ट, जागा काहीही बदलायचं नाही.

जुन्यावरही गळत असेल तर कर्नल निर्दोष सुटला. केबल बघा, हरवलेल्या सेटिंग बघा. जुन्यावर स्वच्छ असेल तर परत नव्यावर जा आणि गळती परत येते का ते पाहा. ही परतीची फेरी लोक टाळतात. ती केल्याशिवाय मी तरी कर्नलला दोष देत नाही, कारण एका रीबूटने तात्पुरतं बरं होणारे आजार पुष्कळ असतात.

दोन पथ्यं. कार्डातलं फर्मवेअर साध्या रीबूटला कधीकधी तसंच राहतं, म्हणून कर्नल बदलताना मशीन पूर्ण बंद करून पॉवरची केबल काढा आणि अर्ध्या मिनिटाने लावा. आणि हे दुरून करू नका. तुम्ही विश्रामबागेत आणि मशीन कुपवाडला, अशा वेळी नेटवर्क वर आलंच नाही तर कीबोर्ड-मॉनिटर घेऊन शेजारी उभा राहणारा माणूस हवा. यार्डात असाल तर सौदे उरकल्यावरच रीबूट. सौदा चालू असताना बिलिंग बंद पडलं तर तुमचं तांत्रिक स्पष्टीकरण ऐकायला कुणी थांबणार नाही.

केबल आणि पोर्ट

'इथटूल इएनपी३एस०' द्या आणि स्पीड व डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकदम की आळीपाळीने) या दोन ओळी वाचा. गिगाबिट कार्डावर १००० आणि फुल दिसायला हवं. १०० दिसलं तर आधी केबल बदला. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. म्हणून एखादी जोडी तुटली तरी लिंक लागते, पण खालच्या वेगावर. रीबूटला कार्ड आणि स्विच वेगाची बोलणी नव्याने करतात, म्हणून आधीच कमकुवत झालेली केबल नेमकी त्याच दिवशी उघडी पडते.

हाफ डुप्लेक्स दिसलं तर एका टोकाला कुणीतरी वेग हाताने बांधलाय आणि दुसरं टोक ऑटोवर आहे. अशी जोडणी रिकामी असताना ठीक चालते आणि कामाच्या गर्दीत कोसळते. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा.

मग 'इथटूल -एस', यात एस मोठा. इथे एक गंमत लक्षात ठेवा. इथटूलमध्ये साधारणपणे छोटं अक्षर दाखवतं आणि मोठं बदलतं: छोटा जी रिंगचा (कार्डाच्या बफरचा) आकार दाखवतो, मोठा जी तो बदलतो, छोटा के ऑफलोड (कार्डावर सोपवलेली कामं) दाखवतो, मोठा के बदलतो. एस मात्र उलटा. मोठा एस आकडे दाखवतो, छोटा एस वेग बदलतो. चुकून छोटा दिला आणि पुढे काही लिहिलं नाही तर निभावतं, पण सवय लावून घ्या.

त्या लांबलचक यादीत 'सीआरसी एरर' शोधा. तो आकडा वाढतोय म्हणजे पॅकेट वाटेतच फाटतंय, आणि हा गुन्हा जवळजवळ नेहमी केबल, कनेक्टर किंवा पोर्टचा असतो. 'मिस्ड' किंवा 'नो बफर' वाढत असेल तर पॅकेट कार्डापर्यंत धड पोहोचलं, पण आत घ्यायला जागा नव्हती. त्याबद्दल पुढे.

सगळे आकडे मशीन चालू झाल्यापासूनचे असतात. म्हणून आकडा किती आहे याला फार अर्थ नाही; पिंग चालू असताना तो वाढतोय का ते बघा. कमांडच्या आधी 'वॉच -डी' लावलंत तर बदलणारे आकडे उठून दिसतात.

'आयपी -एस लिंक' मधला 'ड्रॉप्ड' बघून घाबरू नका. कर्नल २.६.३७ पासून या खात्यात ज्यांचा प्रोटोकॉल मशीनला ओळखता येत नाही किंवा जी न नेमलेल्या व्हीलॅनची (एकाच केबलवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कची) आहेत, अशीही पॅकेटं जमा होतात. ती तुमची नव्हतीच, त्यामुळे टाकून दिली तर बिघडलं काहीच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: त्या कार्डावर 'टीसीपीडंप' (पॅकेटं टिपून दाखवणारी कमांड) चालू करा. तो चालू असेपर्यंत 'ड्रॉप्ड' वाढायचं थांबलं, तर ही परकी पॅकेटंच होती.

ड्रायव्हर: बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो

जुन्यावर स्वच्छ, नव्यावर गळती, हे नक्की झालं असेल तर दोन्ही कर्नलवर 'इथटूल -आय' देऊन ड्रायव्हरचं नाव आणि फर्मवेअरची आवृत्ती लिहून घ्या. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की निम्मं उत्तर मिळतं.

आपल्याकडच्या असेंबल मशीनमध्ये रिअलटेकचं कार्ड सर्रास असतं. त्याला दोन ड्रायव्हर आहेत: कर्नलबरोबर येणारा आर८१६९ आणि कंपनीचा, बाहेरून बसवायचा आर८१६८. कुणीतरी पूर्वी दुसरा बसवलेला असतो. तो डीकेएमएसच्या (बाहेरची मॉड्यूलं बांधणाऱ्या व्यवस्थेच्या) मदतीने प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा (कंपाइल करावा) लागतो. नव्या कर्नलशी त्याचं जमलं नाही की बांधणी फसते आणि मशीन गुपचूप आर८१६९ वर जातं. 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये नव्या आवृत्तीसमोर 'इन्स्टॉल्ड' दिसतंय का बघा. नसेल तर त्या कर्नलच्या हेडर फाइली बसवल्यात का ते तपासा; बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल बांधलं जाऊनही लोड होत नाही. उलटही घडतं: आर८१६९ आता पुष्कळ सुधारलाय, आणि कंपनीचा जुना ड्रायव्हर काढून टाकणं हाच उपाय ठरतो.

आता 'जर्नलसीटीएल -के -बी' उघडा. कर्नल काय पुटपुटतोय ते वाचायचं. 'नेटडेव्ह वॉचडॉग' आणि 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' असे शब्द दिसले तर कार्ड पाठवता पाठवता अडकतंय. इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर 'डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग' अशी ओळ येते. 'लिंक इज डाउन', 'लिंक इज अप' ही जोडी सारखी दिसत असेल तर पुन्हा केबल आणि पोर्टकडे जा. फर्मवेअर लोड झालं नाही अशी ओळ असेल तर लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अपडेट करा. बिघाड मागच्या बूटमधला असेल तर शेवटी '-बी -१' द्या.

कार्ड अडकतंय असं दिसलं तर वीज वाचवणाऱ्या सोयींवर संशय घ्या. नवा कर्नल कधीकधी जुन्याने बंद ठेवलेली बचत चालू करतो आणि स्वस्त मदरबोर्डला ती झेपत नाही. ग्रबच्या यादीत नव्या कर्नलवर उभं राहून ई दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' जोडा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरता असतो, म्हणून प्रयोगाला सुरक्षित. दुसरी सोय इथरनेटची: 'इथटूल --सेट-ईईई इएनपी३एस० ईईई ऑफ'. दोन्ही एकदम करू नका. एक बदल, एक मोजणी, वहीत एक ओळ.

तसंच ऑफलोडचं. 'इथटूल -के', के मोठा, देऊन टीएसओ, जीएसओ, जीआरओ (पॅकेटं तोडण्या-जोडण्याच्या सोयी) एकेक बंद करून बघता येतात. टीसीपीडंपमध्ये १५०० पेक्षा मोठी पॅकेटं किंवा बाहेर जाणाऱ्यांवर 'चेकसम चूक' (तपासणीचा आकडा चुकीचा) दिसली तर तो बिघाड समजू नका. तुकडे करणं आणि चेकसम भरणं ही कामं कार्ड नंतर करतं, टीसीपीडंप त्याआधीचं चित्र दाखवतो.

वायफायवर असाल तर आधी केबल लावून बघा. केबलवर स्वच्छ असेल तर 'आयडब्ल्यू' ने पॉवरसेव्ह बंद करून पुन्हा मोजा.

गर्दीतच गळत असेल तर

रिकाम्या वेळी शून्य, पण सगळी बिलं एकदम निघू लागली की लॉस. इथे बफरकडे बघायचं. ट्रकमधून पोती फलाटावर उतरतात आणि हमाल ती आत नेतात. हमाल उशिरा आले आणि फलाट भरला की पुढचं पोतं खाली पडतं. कार्डाची रिंग म्हणजे तो फलाट. 'इथटूल -जी' ने कमाल आकार आणि सध्याचा आकार दोन्ही दिसतात. सध्याचा बराच कमी असेल आणि मघाचा 'मिस्ड' वाढत असेल, तर मोठ्या जीने आरएक्स वाढवा. हा बदल करताना लिंक क्षणभर तुटू शकते.

रिंग मोठी असूनही गळतंय तर 'प्रॉक' मधल्या 'नेट' खालची 'सॉफ्टनेट_स्टॅट' ही फाइल उघडा. प्रत्येक सीपीयूची एक ओळ. पहिला रकाना हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा टाकून दिलेल्यांचा, तिसरा वेळ अपुरा पडून काम अर्धवट सोडल्याचा. आकडे सोळाच्या पायाचे असतात. १२ दिसलं तर ते आपले १८. दुसरा रकाना वाढत असेल तर 'नेट.कोअर.नेटडेव्ह_मॅक्स_बॅकलॉग' ही सिसकंट्रोलची सेटिंग वाढवा, मूळ किंमत १००० असते. तिसरा वाढत असेल तर 'नेटडेव्ह_बजेट', जो मुळात ३०० असतो. एकाच ओळीतले आकडे फुगलेत आणि बाकी सीपीयू रिकामे बसलेत, तर 'आयआरक्यूबॅलन्स' ही सीपीयूंमध्ये काम वाटणारी सेवा चालू आहे का बघा.

मशीन फायरवॉल असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये 'एनएफ_कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' शोधा. जोडण्यांची नोंदवही भरली की नवी पॅकेटं दारातच टाकली जातात. कमाल मर्यादा आधी कुणी वाढवून ठेवली असेल आणि ती फाइलमध्ये नसेल, तर रीबूटनंतर ती पुन्हा मूळ आकड्यावर येते.

दोन कंपन्यांचं इंटरनेट एकाच मशीनवर घेतलं असेल तर 'आरपी_फिल्टर' ची किंमत बघा. ती १ असेल तर ज्या वाटेने परत पाठवलं नसतं त्या वाटेने आलेलं पॅकेट कर्नल मुकाट्याने टाकतो. 'ऑल' आणि त्या कार्डाची अशा दोन किमतींपैकी मोठी लागू होते. एकट्या कार्डाची ० करून उपयोग नाही.

एवढं करूनही पॅकेट नक्की कुठे मरतंय ते कळत नसेल, तर कर्नल ५.१७ पासून पॅकेट टाकताना कारणही नोंदवतो. 'पर्फ' या साधनाने 'एसकेबी:केफ्री_एसकेबी' हा ट्रेसपॉइंट (कर्नलमधलं नोंदीचं ठिकाण) ऐकला की ती कारणं वाचता येतात. नवशिक्याला हे जड जाईल, पण कारणाचं नाव हाती आलं की विचारायचं काय ते कळतं.

सापडल्यावर

लागू पडलेला बदल फाइलमध्ये लिहा, नाहीतर पुढच्या रीबूटला हाच लेख पुन्हा उघडावा लागेल. सिसकंट्रोलचे आकडे 'इटीसी' खालच्या 'सिसकंट्रोल.डी' मध्ये, कार्डाची रिंग आणि ऑफलोड सिस्टमडीच्या '.लिंक' फाइलमध्ये, फायरवॉलचे नियम तुमच्या फायरवॉलच्या स्वतःच्या फाइलमध्ये.

दोष खरोखर नव्या कर्नलचाच असेल तर जुन्यावर थांबा आणि वितरणाच्या बग-नोंदीत तक्रार टाका. दोन्ही आवृत्त्या, 'एलएसपीसीआय -एनएनके' मधली कार्डाची ओळ, ड्रायव्हर व फर्मवेअर, दोन्ही कर्नलवरचे पिंगचे निकाल आणि लॉगच्या मोजक्या ओळी द्या. "नेट चालत नाही" एवढंच लिहिलेली तक्रार कुणी उचलत नाही. मधल्या आवृत्त्या उपलब्ध असतील तर बरोबर मधली बसवून बघा, मग उरलेल्या अर्ध्यातली मधली. दोष कुठल्या आवृत्तीत शिरला ते सांगता आलं तर दुरुस्ती लवकर होते.

उबुंटू-डेबियनमध्ये 'एपीटी-मार्क होल्ड' ने कर्नलची पॅकेजं रोखून धरता येतात. पण होल्ड लावला त्याच दिवशी कॅलेंडरवर महिन्याभरानंतरची तारीख टाका, कारण रोखलेल्या कर्नलला सुरक्षेचे पॅचही मिळत नाहीत. त्या तारखेला 'अनहोल्ड' करून नवी आवृत्ती घ्या, संध्याकाळी सगळे गेल्यावर बूट करा आणि वहीतलं पहिलं पिंग काढून तेच ३०० पॅकेटांचं पुन्हा चालवा.